व्हेरी बोल्ड

डब्लिनमध्ये मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवर जातात. त्यामुळे तीन महिन्यांसाठी आलेल्या माझ्यासारख्या आजोबाच्या वाट्याला एकच खातं येतं, नातवाला शाळेतून आणणं. ईशान पाच वर्षांचा. ज्युनिअर इन्फन्ट्स नावाच्या वर्गात, म्हणजे साधारण आपल्या मोठ्या शिशूत. दुपारी फाटकाशी बाई स्वतः येऊन एकेक मूल ताब्यात देतात, बँकेच्या लॉकरची किल्ली द्यावी तसं.

पहिल्याच आठवड्यात बाई ईशानला घेऊन माझ्यापर्यंत आल्या, किंचित वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘ईशान वॉज व्हेरी बोल्ड टुडे.’’

माझी छाती अशी फुगली की स्वेटरचं वरचं बटण उडायचंच बाकी होतं. ‘‘थँक यू, मॅडम,’’ मी म्हणालो. ‘‘ही टेक्स आफ्टर मी.’’

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं.

घडलं होतं ते असं. आदल्या रात्री मी त्याला सिंहगडाची गोष्ट सांगितली होती. १६७० साल, माघातली रात्र, तानाजी मालुसरे, कडा आणि अर्थातच यशवंती घोरपड. इतिहासकार त्या घोरपडीला गडावर चढू देत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण पाच वर्षांच्या पोराला घोरपडीशिवाय सिंहगड सांगणं म्हणजे वांग्याशिवाय भरीत करणं. नातवानं गोष्ट मनावर घेतली. वर्गात घोरपड नव्हती, म्हणून त्यानं दोरीउड्यांच्या दोरीला कापडी डायनासोर बांधला आणि पुस्तकांच्या कपाटावर भिरकावला. डायनासोर चिकटला नाही. तीन वेळा चिकटला नाही. मग तो घोरपडीशिवायच चढला.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘‘बोल्ड अगेन, आय ॲम अफ्रेड.’’

‘‘डोन्ट बी अफ्रेड,’’ मी धीर दिला. ‘‘आय ॲम ट्रेनिंग हिम.’’

तिसऱ्या दिवशी मुलीच्या नावानं चिठ्ठी आली.

‘‘बाबा,’’ चिठ्ठी वाचून मुलगी म्हणाली, ‘‘इथे लहान मुलाला बोल्ड म्हणतात म्हणजे वात्रट म्हणतात.’’

‘‘वात्रट?’’

‘‘वात्रट. ऐकत नाही, मस्ती करतो, शेफारलाय. जिन्याच्या ज्या पायरीवर त्याला शिक्षा म्हणून बसवतात ना, तिला बोल्ड स्टेप म्हणतात.’’

आता मला सांगा, मी काय करायचं? अर्थमंत्र्यांनी बोल्ड स्टेप घेतली, असं आयुष्यभर बजेटच्या दुसऱ्या दिवशी पेपरात वाचत आलो. ती जिन्यात बसायची जागा असते हे मला कसं कळणार? शिवाय हा शब्द आपल्याकडेही काही सरळ वागत नाही. लग्नपत्रिकेवर आजोबांचं नाव बोल्ड असतं, सिनेमातली नटी बोल्ड असते आणि पहिल्याच चेंडूवर दांडी उडालेला फलंदाजही बोल्डच असतो. इंग्रजांनी निदान त्या फलंदाजाचं स्पेलिंग तरी वेगळं ठेवलंय. देवनागरीत तिघंही एकाच बाकावर.

खरं तर मी सावध असायला हवं होतं. १९९४ साली माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी लिहिलं होतं, ‘आउटस्पोकन’. मी घरी पेढे नेले होते. बढती चार वर्षं का अडली, हे एका हेडक्लार्कनं नंतर चहाच्या टपरीवर समजावून सांगितलं. त्याच्या मते मराठीत ‘स्पष्टवक्ता’ आणि ‘उद्धट’ यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढं साहेब इंग्रजीत एका शब्दात कापतात.

त्या रात्री मी जावयांचा जाडजूड इंग्रजी कोश उघडला. धीटपणाचे शब्द शोधता शोधता आपण शब्दकोशात आहोत की मटणाच्या दुकानात, हे कळेना. ‘करेज’च्या मुळाशी लॅटिनमधलं हृदय. ठीक, आपलंही वाघाचं काळीज असतं. पण ‘गट्स’ म्हणजे आतडी. ‘प्लकी’ म्हणून पोराची पाठ थोपटावी, तर ‘प्लक’ म्हणजे कापलेल्या जनावराचं हृदय, यकृत आणि फुप्फुसं, सगळं एकत्र. इथवर तरी कौतुक चाललेलं असतं. पुढे सरकलं, की बिघडतं. ‘गॉल’ म्हणजे पित्त आणि आगाऊपणाही. ‘नेक’ म्हणजे मान, तीही उद्धट. ‘चीक’ म्हणजे गाल, पण मोठ्यांना टाकून बोलणाऱ्याचा. ‘लिप’ म्हणजे उलट उत्तर. याबाबतीत मात्र आपण इंग्रजांना हसू नये, आपल्याकडेही उद्धट माणूस तोंड वर करूनच बोलतो.

मला सगळ्यात आवडला तो ‘ब्रेझन’. म्हणजे मुळात पितळी. निर्लज्ज माणसाचा चेहरा पितळेचा, कशानंच लाल होत नाही. इकडे तर ‘ब्रास नेक’, पितळेची मानही असते. मराठीत माणसाचं पितळ उघडं पडलं की तो निदान खाली बघतो. इंग्रजीतला पितळी माणूस वर बघतो आणि विचारतो, मग?

सकाळी आभाळ मोकळं दिसलं म्हणून मी मागच्या अंगणात कपडे वाळत घातले. कुंपणापलीकडून शेजारच्या आजीबाईंनी दोरीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘दॅट्स व्हेरी ब्रेव्ह ऑफ यू.’’ यावेळी मी फसलो नाही. थँक यू न म्हणता धावत जाऊन पायजमे काढले. चौथ्या मिनिटाला पाऊस.

पण खरा दणका बसायचा होता तो घरातूनच. आमच्या विहीणबाई इंदूरच्या. मराठी उत्तम बोलतात, अधूनमधून हिंदीची फोडणी. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना तानाजी-प्रकरण सांगितलं, तर नेहमीसारख्या म्हणाल्या, ‘‘फार ढीठ आहे हो हा!’’

‘‘आहेच मुळी,’’ मीही नेहमीसारखा म्हणालो.

मग एकदम शंका आली. जावयांना विचारलं, ‘‘तुमच्या आई धीट म्हणतात ना?’’

‘‘नाही बाबा. ढीठ. ढ ढगातला.’’ ते चाचरले. ‘‘म्हणजे... निगरगट्ट.’’

म्हणजे गेली तीन वर्षं त्या बाई नातवाची तक्रार करत होत्या आणि मी मान डोलावून आभार मानत होतो. त्यात पुन्हा दोन्ही शब्द निघाले एकाच संस्कृत ‘धृष्ट’मधून. काव्यशास्त्रातला धृष्ट नायक म्हणजे दुसरीकडून आल्याच्या खुणा अंगावर मिरवत बायकोसमोर खुशाल उभा राहणारा. त्या माणसाची नर्मदेच्या अलीकडे झाली शाबासकी आणि पलीकडे झाली चहाडी. जावई म्हणाले, इथल्या आयरिश भाषेतही असंच आहे, ‘डॉना’ हा एकच शब्द धाडसी आणि वात्रट दोघांनाही चालतो. ‘बोल्ड’ला हे वळण तिथूनच लागलं असावं. मला आयरिश लोक एकदम नात्यातले वाटायला लागले.

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून माफी मागायला गेलो. रस्ताभर वाक्य घोकलं. ईशाननं हातात डायनासोर धरला होता, दोरीशिवाय. बाईंना म्हटलं, ‘‘मॅडम, आय ॲम सॉरी. आय वॉज ऑल्सो व्हेरी बोल्ड.’’

बाई खळखळून हसल्या. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘नॉट अ‍ॅट ऑल. यू आर ग्रँड!’’

ग्रँड! एकूण कारकिर्दीत मला कुणी एवढं मोठं विशेषण दिलं नव्हतं. संध्याकाळी मी ते मुलीला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं हातातली पोळी तव्यावर टाकली आणि वळून म्हणाली, ‘‘बाबा, इथे ग्रँड म्हणजे...’’

‘‘पोळी करपेल,’’ मी म्हणालो.