इंजिन अजून खोललं नसेल तर थांबा दादा

दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की हातखंब्याच्या माझ्या गॅरेजने चिऱ्याची गाडी दोन दिवस अडकवली, काही खोललं नाही, नुसतं इंजिनची खटखट ऐकायचे १८०० घेतले आणि हवेचा कॉम्प्रेसर (ब्रेकसाठी टाकीत हवा भरणारा) गेलाय सांगितलं, आणि मग दुसऱ्या मिस्त्रीने पाच मिनिटांत ओळखलं की बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. पैशाचं मी खाली बोलतोच, पण आधी एवढं ऐका, इंजिन अजून खोललं नसेल तर खोलू नका.

गाडी आली तेव्हा संध्याकाळ होती, इंजिन तापलेलं. पिस्टन घासत असेल किंवा धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डची गॅसकेट लीक असेल तर तो आवाज गार इंजिनवर मोठा येतो आणि तापलं की दबतो, म्हणून रात्रभर गाडी गार होऊ दिली, पहिला दिवस त्यात गेला. सकाळी स्टार्ट केली तर आवाजात काही फरक नाही. तुमची गाडी बीएस ६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची, कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच पाईपातून मोठ्या प्रेशरने डिझेल जातं. जुन्या गाडीला नोझलचा पाईप सैल करून एकेक सिलिंडर कट, म्हणजे बंद, करून बघायचो, इथे पाईपात हजार बारच्या वर प्रेशर असतं, तिथे पाना लावणं म्हणजे माणसाचा हात घालवणं, म्हणून स्कॅनर लावून एकेक कट केला. कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलं असतं तर त्या सिलिंडरला आवाज बदलला असता, तो कुठेच बदलला नाही. ऑईल प्रेशर बरोबर, काढलेल्या ऑईलमध्ये झिजलेल्या धातूची चकाकी नाही.

मग लोडसकट निवळी घाटात नेली. तुमचा ड्रायव्हर सहज म्हणाला, "हवा भरली काय आवाज गप होतो." खरं निदान त्या पोराने केलं, मी फक्त तपासलं. हवेच्या टाकीचा मीटर ८ बारच्या आसपास गेला, फुस्स करून हवा सुटली आणि खटखट बंद. दहा-बारा वेळा ब्रेक दाबला, हवा उतरली, खटखट परत चालू. तीनदा केलं, तीनदा तसंच. टाकी भरताना कॉम्प्रेसरवर लोड असतो, भरली की तो मोकळा फिरतो, क्रँकच्या बेअरिंगचा त्या टाकीशी काही संबंधच नाही. कॉम्प्रेसर इंजिनच्याच गियरवर चालतो आणि ब्लॉकला बसवलेला असतो म्हणून आवाज पोटातून आल्यासारखा वाटतो, त्या मिस्त्रीची चूक तिथे झाली असेल, मी त्यांना नावं ठेवत नाही. कॉम्प्रेसरमधून बाहेर जाणारा पाईप काढला तर आत ऑईल आणि काजळी होती, कॉम्प्रेसर आतून झिजल्याची ती खूण, तो पाईप ड्रायव्हरला दाखवला.

आता माझी चूक. हे सगळं मी ड्रायव्हरला सांगितलं, तुम्हाला फोन केला नाही, आणि बिलावर नुसतं 'चेकिंग' लिहिलं. पावसाआधीच्या खेपा चालू असताना मालकाला दोन दिवस काही कळू नये हे बरोबर नाही, त्याबद्दल माफी मागतो. १८०० मात्र दोन माणसांची दीड दिवसाची मजुरी, स्कॅनर आणि ट्रायलचे आहेत, ते मी जास्त मानत नाही. कॉम्प्रेसर बदलूनही खटखट राहिली तर सगळे परत देईन, इथे सगळ्यांसमोर लिहून देतो.

पण त्या कॉम्प्रेसरवर भरलेली गाडी आंबा घाटात घालू नका. उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो, हवा भरायला उशीर झाला तर ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही, आणि कॉम्प्रेसरच्या आतला रॉड तुटला तर तुकडे गियरमध्ये आणि इंजिनच्या ऑईल चेंबरात, मग मात्र खरंच इंजिन खोलावं लागेल. आज सपाट जागेवर चाकांना दगड लावून, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून हवा उतरवा आणि मीटरकडे बघत स्वतः ऐका. आवाज हवेबरोबर आला-गेला तर मला फोन करा, रविवारी पण गॅरेज उघडतो.