दोन क्लायंट, एक पीसी आणि माझं डोकं
अरे एकाच पीसीवर बॉइंक आणि फोल्डिंग अ‍ॅट होम हे दोन क्लायंट, म्हणजे पीसीची रिकामी ताकद संशोधनाच्या आकडेमोडीला देणारे प्रोग्राम, लावले की रोज हीच कटकट! दोघांची प्रायॉरिटी सगळ्यात खालची, म्हणजे मी काम करायला बसलो की निमूट बाजूला होतात, पण एकमेकांसाठी कोणी सरकेल तर शपथ. याला वाटतं प्रोसेसरचे आठही कोअर आपलेच, त्यालाही तेच वाटतं, मग दोघांची वर्क युनिट, म्हणजे सर्व्हरकडून आलेले कामाचे तुकडे, अर्ध्या स्पीडने रखडतात आणि फोल्डिंगमध्ये लवकर परत दिल्याचा जो बोनस असतो तो बुडतो. ग्राफिक्स कार्डाचं तर बोलूच नका, तिथे दोघं एकदम घुसले की माऊससुद्धा अडखळतो. बॉइंकच्या आतले आइनस्टाइन, रोझेटा वगैरे प्रोजेक्ट रिसोर्स शेअरप्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या वाट्याप्रमाणे, वाटून घेतात हां, पण ते घरातल्या घरात, बाहेरच्याचा हिशोब कोण ठेवणार? म्हणजे कोअर हातानेच वाटायचे, चार याला, तीन त्याला, एक ग्राफिक्स कार्डाला काम पुरवायला. आणि हे सगळं मे महिन्यात, परळच्या एवढ्याशा खोलीत, घामाच्या धारा, फॅनची घरघर, त्यात आई विचारते रात्रभर हा डबा कशाला चालू ठेवतोस, बिल कोण भरणार? प्रोटीन, कॅन्सर, रिसर्च सगळं समजावलं. म्हणे, आधी ते बंद कर, झोप येत नाहीये.