फिनिक्सच्या उन्हात कुडकुडणारी गाडी

जूनमधल्या दुपारी अमेरिकेतल्या फिनिक्सला पारा ४३-४४ अंशांवरही जातो आणि नेमकी तेव्हाच आमच्या गाडीला थंडी वाजते. म्हणजे तिचा तसा समज होतो. १९७१ ची फोक्सवॅगन स्क्वेअरबॅक. सकाळी पहिल्या किल्लीला चालू होते, शहाण्यासारखी निघते, आणि इंजिन तापलं की सिग्नलला उभी असताना आचके द्यायला लागते. मागे काळा धूर, आत पेट्रोलचा वास, स्पार्क प्लग काढून बघावेत तर काजळीने माखलेले.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या या गाड्यांना १९६८ च्या मॉडेलपासून बॉशचं डी-जेट्रॉनिक आलं. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी विजेच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, पण मायक्रोप्रोसेसर बाजारात यायच्या आधीचं. मागे डाव्या बाजूला आत लपवलेली एक पेटी आणि तिच्यात ट्रान्झिस्टर-रेझिस्टरांची गर्दी. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडे ठेवायचे ते ही पेटी ठरवते. इंजिन गार की गरम, हे तिला सिलिंडर हेडमधला सेन्सर एका वायरीवरून कळवतो. गार असताना सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त, तापलं की कमी. रोध जास्त दिसला की पेटी पेट्रोल वाढवते. बाहेर ऊन किती पडलंय हे खिडकीतून डोकावून बघायची तिला सोय नाही. वायरीवरून आलं ते वेदवाक्य.

जुनी गाडी बिघडली की पार्ट मिळत नाहीत, सल्ले भरपूर मिळतात. एकजण म्हणाला, बॅटरी गेली. मागची सीट उचलून मीटर लावला. १२.६ व्होल्ट, स्टार्टर मारताना साडेदहा. बॅटरी निर्दोष. दुसऱ्याने अर्थिंगवर संशय घेतला. हा मात्र जाणता माणूस. अर्थिंगची वायर नुसते ओहम, म्हणजे रोध, मोजले तर पास होते आणि करंट वाहायला लागला की गुपचूप व्होल्ट खाते. म्हणून स्टार्टर फिरत असतानाच बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत मोजलं. ०.१ व्होल्ट. तीही साव निघाली. तिसऱ्याने पेटीच बदलायला सांगितली. चौथा प्रत्येक जुन्या फोक्सवॅगनच्या मर्तिकाला हजर असतो. तो म्हणाला, "ते इंजेक्शन उपटून फेक आणि दोन कार्ब्युरेटर बसव." कित्येकांनी तसं केलंय आणि त्यांच्या गाड्या मजेत पळतात, हे जास्त टोचतं.

सांगलीहून आलेली आई गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून भेंडी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अरे, एवढ्या उन्हात थंडी वाजते म्हणजे ताप असणार. क्रोसिन दे की तिला."

स्क्वेअरबॅकचं इंजिन मागच्या सामानाच्या फळीखाली आडवं झोपवलेलं असतं. तिथे काम करायचं म्हणजे डोकं आत, पाय बाहेर. इंजिन तापवून बंद केलं, सेन्सरची वायर सोडवली आणि सेन्सरपाशीच मोजलं. शंभर ओहमच्या आत. अगदी हवं तसं. मग वायर परत लावली, पेटीचा पंचवीस पिनांचा प्लग उपसला आणि तीच वायर त्या टोकाकडून मोजली. सातशेच्या वर! म्हणजे सहाशे ओहम वाटेतच कुठेतरी मुरत होते आणि पेटी बिचारी ते थंडीच्या खात्यावर मांडत होती.

बोटांनी वायर चाचपत गेलो. इंजिनच्या उष्णतेने आवरण इतकं कडक झालेलं की वाकवलं तर तडकेल. मध्येच एक गाठ लागली. काळी चिकटपट्टी, डिंक वितळून बोटाला लागणारी. उलगडली तर आत वायरीला वायर नुसती पिळलेली, ना सोल्डर ना कनेक्टर, तांबं पार काळं पडलेलं. कुणा आधीच्या मालकाची करामत. आईने चष्मा लावून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "हे तर आपल्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनचं काम! तो इथे कधी आला?"

काळं पडलेलं तांबं कापून टाकलं, नवा तुकडा घालून सोल्डर केला, वर श्रिंक ट्यूब चढवली. पेटीकडून परत मोजलं. नव्वद. गाडी तापवून भर दुपारी फिरवून आणली. धूर नाही, आचके नाहीत.

फळी परत बसवताना वायरींच्या त्याच जुडग्यात तसल्याच चिकटपट्टीच्या आणखी तीन गाठी दिसल्या. गाडी छान चालतेय. मी फळी बसवली आणि वरून गालिचा अंथरला.