बिनपगारी निवड समितीसाठी काही सूचना

अभिनंदन! अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल (अमेरिकन, हातात चेंडू घेऊन पळायचं ते) संघाच्या निवड समितीवर तुमची नेमणूक झालेली आहे. पत्रबित्र येणार नाही. तुम्ही नोकरीसाठी आयोवा सिटीला नाहीतर सीडर रॅपिड्सला आलात आणि पहिल्याच शनिवारी कुणीतरी दिलेला काळा-पिवळा टीशर्ट अंगात चढवलात, तेव्हाच ती झाली. मानधन नाही, प्रवासभत्ता नाही, उलट तिकिटाचे पैसे तुमचेच. काम एकच : ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर या पदावर कोण असावा याबद्दल ठाम मत बाळगणं. खेळाचे नियम नंतर शिकलात तरी चालेल. माझ्या ओळखीत त्यावाचून कुणाचंच अडलेलं नाही.

तरी जुजबी माहिती असू द्या. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर बहुतेक वेळा चौथ्याला चेंडू लाथेने लांब भिरकावून समोरच्यांच्या हवाली करायचा. याला पंट म्हणतात. इतर गावांत ही माघार मानतात, आयोवात ती कला आहे. २०२३ साली देशातला सर्वोत्तम पंटर म्हणून रे गाय पुरस्कार मिळाला तो इथल्याच टोरी टेलर नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलाला. 'पंट म्हणजेच विजय' अशा अर्थाचे टीशर्ट त्याच्यामुळे धडाधड खपले. ज्या गावचा नायक चेंडू परत देण्यासाठी प्रसिद्ध आहे, त्या गावात चेंडू पुढे नेण्याचं खातं सांभाळणाऱ्याची काय पत असेल, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको.

ते खातं म्हणजेच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. पुढचा डाव कोणता, पळायचं की फेकायचं, हे कानाला हेडफोन लावून ठरवणारा माणूस. डाव फसला की दोष त्याचा. डाव जमला की खेळाडू गुणी होते, किंवा समोरचे रद्दी होते. एवढं पाठ केलंत तर पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण झाला.

आता इतिहास. यात तुम्ही स्थानिकांच्याही पुढे असाल, कारण हा इतिहास आपण महाराष्ट्रातून शिकूनच आलो आहोत. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्झ १९९९पासून गादीवर आहेत. २०१७ साली कोऑर्डिनेटर नेमायची वेळ आली, आणि शोध घेता घेता योग्य माणूस नेमका घरातच सापडला : चिरंजीव ब्रायन फेरेन्ट्झ. आता सरकारी विद्यापीठात नातेवाइकाच्या हाताखाली नातेवाईक चालत नाही. म्हणून कागदोपत्री ब्रायन वडिलांना नव्हे, तर क्रीडा संचालकांना जबाबदार राहिला. अध्यक्ष साहेब ठरावाच्या वेळी सभागृहाबाहेर चहा प्यायला जातात आणि परत येईपर्यंत चिरंजीव बिनविरोध निवडून आलेले असतात, हे ज्याने साखर कारखान्याच्या परिसरात पाहिलंय, त्याला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना मात्र हा प्रकार फार अद्भुत वाटायचा. मी त्यांना आपल्याकडची दोन-तीन उदाहरणं सांगितली, तेव्हा त्यांना जरा धीर आला.

पुढे २०२२ उजाडलं. हंगामाचा पहिलाच सामना, समोर साउथ डकोटा स्टेट. आयोवा ७-३ने जिंकली. सात म्हणजे एक टचडाऊन असेल, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्याचे सहा आणि वरचा एक, असं तुम्हाला वाटेल. नाही. एक फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून पार केला, त्याचे तीन, आणि दोन सेफ्टी, त्यांचे दोन-दोन. सेफ्टीचे गुण आपला बचाव समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे आडवा करून मिळवतो. म्हणजे सातातले चार गुण ज्यांनी गुण मिळवायचेच नसतात त्यांनी मिळवले. त्या आठवड्यात आईशी फोनवर बोलताना तिने विचारलं, "जिंकले ना? मग तोंड पाडून का बसलायस?" मी समजावायचा प्रयत्न केला. तिला पटलं नाही. तुम्हीही घरच्यांना समजावायला जाऊ नका, समितीचं कामकाज गोपनीय असतं.

त्या वर्षी चेंडू पुढे नेण्यात आयोवा देशातल्या १३१ संघांत १३०वी आली. सरासरी सामन्याला १७.७ गुण. तरी पोराला काढलं नाही, त्याची परीक्षा लावली. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याचा पगार पन्नास हजार डॉलरनी कमी करून साडेआठ लाख डॉलर केला (डोळे पुसा, पुढे वाचा) आणि करारात अट घातली की सामन्याला सरासरी २५ गुण आणि किमान सात विजय मिळाले, तरच करार पुढे सरकेल. आपल्याकडे निदान ३५ला पास करतात. त्यातली खरी मेख अशी की या पंचविसांत बचावफळीने आणि किकिंगच्या तुकडीने मिळवलेले गुणही धरायचे होते. ग्रेस मार्क ठाऊक होते, पण शेजारच्या बाकावरच्या मुलाचे मार्क आपल्या प्रगतिपुस्तकात, ही सवलत बोर्डाला अजून सुचलेली नाही.

तेरा सामने गुणिले पंचवीस, ३२५ गुण. अख्खं राज्य हिशेबाला बसलं. मक्याची कापणी चालू असताना ट्रॅक्टरवरचा माणूस 'अजून किती हवेत?' विचारायचा. तुम्ही त्या काळात इथे नव्हतात हे तुमचं दुर्दैव, कारण प्रेक्षक म्हणून इतकं स्पष्ट काम आम्हाला ना त्याआधी मिळालं ना त्यानंतर. संघ जिंकत होता. आम्हाला त्याचं काय! ३० ऑक्टोबरला, हंगाम अर्ध्याच्या थोडा पुढे गेलेला असताना, हंगामी क्रीडा संचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की ब्रायन पुढच्या वर्षी नसेल. शेवटी सरासरी भरली १५.४. चेंडू पुढे नेण्यात संघ देशात शेवटचा. विजय दहा, आणि आपल्या विभागाचं अजिंक्यपदही. दहा सामने जिंकणारा संघ पाहून कुणी इतकं हताश झालेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

इथे एक धोक्याची सूचना. याच ब्रायनच्या पहिल्या हंगामात, नोव्हेंबर २०१७मध्ये, आयोवाने बलाढ्य ओहायो स्टेटला ५५-२४ असं धुतलं होतं. हे चर्चेत काढायचं नाही. लग्न ठरवताना मुलाच्या जुन्या प्रेमप्रकरणाचा विषय काढतो का आपण? तसंच हे मोडताना पहिल्या हनिमूनचा काढायचा नाही.

तर पद रिकामं झालं. खरं म्हणजे ते रिकामं होण्याच्या निदान एक वर्ष आधीच तुमची यादी तयार हवी. यादी कशी करायची? स्थळं बघतात तशी. 'आपल्यातलाच' हवा, पण 'आपल्यातला' नको. म्हणजे अमेरिकेच्या या मध्य-पश्चिम भागाची थंडी, पाऊस आणि मका यांची सवय असलेला हवा, पण इथे कुणाच्या हाताखाली काम केलेला नको, नाहीतर तोच डाव, तोच पंट. वय कमी हवं, अनुभव दांडगा हवा. दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक म्हणून यशस्वी झालेला असला तर तो आपल्याकडे दुय्यम पदावर येणार कशाला, आणि अपयशी असला तर आपल्याला कशाला हवा? या चाळणीतून सगळे गाळून झाले की खाली एकही माणूस उरत नाही. यादी बरोबर झाल्याची ती खूण.

तरीही एक नाव सुचवावंच लागलं, तर म्हणा, "आपल्याला पुढचा 'जो ब्रेडी' शोधायला हवा." सगळे माना डोलावतील. २०१९ साली एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, न्यू ऑर्लीन्स सेन्ट्स या व्यावसायिक संघाकडून हा कोवळा पोरगा आणला, संघ पंधरापैकी पंधरा सामने जिंकला, ब्रेडीला सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला आणि तो वर्षभरात निघूनही गेला. त्या संघाचा कागदावरचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर साठी ओलांडलेला स्टीव्ह एन्समिंगर होता, हे कुणी निदर्शनास आणून दिलं तर खिडकीबाहेर बघा. पुढचा स्टीव्ह एन्समिंगर शोधा असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

'एअर रेड' हा शब्दही खिशात ठेवा. चेंडू सारखा हवेत, मैदान सगळं पसरून, पळापळीला फाटा. हा बंडखोर प्रकार कुठल्या तरी टेक्ससच्या वाळवंटात उगवला असणार असं सगळे धरून चालतात. तो रुजला इथेच! आयोवा सिटीपासून तासाभराच्या अंतरावर माउंट प्लेझंट नावाचं गाव आहे. तिथल्या आयोवा वेस्लीयन या चिमुकल्या कॉलेजात १९८९ साली हॅल मम्मी आणि माइक लीच या दोघांनी तो घडवायला घेतला. तिथून तो केंटकीला गेला, ओक्लाहोमाला गेला, टेक्ससला गेला, सगळा देश फिरला. फक्त त्या तासाभराच्या रस्त्याने काही आला नाही. पिकतं तिथे विकत नाही याचं याहून चांगलं उदाहरण मी तरी देऊ शकत नाही. ते कॉलेजही २०२३मध्ये बंद पडलं, नेमकं आम्ही ३२५ मोजायला बसलो त्याच वर्षी.

शोध चालू असताना विमानांवर लक्ष ठेवा. खासगी विमान कुठून उडालं, कुठे उतरलं हे फोनवर दिसतं. दक्षिणेकडून एखादं छोटं विमान सीडर रॅपिड्सकडे निघालं की ऑफिसातल्या बैठका आपोआप आखडत्या घ्यायच्या. ते बियाणं कंपनीच्या साहेबांचं निघालं तरी हरकत नाही. आत कुणीतरी होतंच ना?

दुसऱ्यांच्या घरातही डोकावत जा, मन रमतं. ओहायो स्टेटने जानेवारी २०२४मध्ये बिल ओब्रायन यांना कोऑर्डिनेटर नेमलं. हारतुरे सुकायच्या आत ते बॉस्टन कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेले. मग चिप केली आले, तेही यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून. म्हणजे मुख्याध्यापकाने राजीनामा देऊन दुसऱ्या शाळेत गणिताचे तास घ्यायला यावं तसं. ३० नोव्हेंबरला ओहायो स्टेट मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१०ने हरली आणि सगळ्यांना हाकला अशी ओरड झाली. ५१ दिवसांनी, २० जानेवारी २०२५ला, त्याच लोकांनी नोत्र दामला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. ओरडणाऱ्यांपैकी कुणी शब्द मागे घेतल्याचं ऐकिवात नाही. आदर्श हा ठेवा. केलीही मग लास व्हेगसला व्यावसायिक संघाकडे गेले, आणि ओहायो स्टेटच्या गावची, कोलंबसची, समिती पुन्हा कामाला लागली. यश आलं तरी पद रिकामं होतं आणि अपयश आलं तरी होतं, त्यामुळे समितीला बेकारीची भीती नाही.

आमच्याकडे जानेवारी २०२४च्या शेवटी नाव जाहीर झालं : टिम लेस्टर. कॅलामझूच्या वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात सहा हंगाम मुख्य प्रशिक्षक, तिथून डच्चू, मग एक वर्ष ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाकडे विश्लेषक. नाव कुणाच्याच यादीत वर नव्हतं. अशा वेळी काय म्हणायचं ते लिहून घ्या : "माणूस वाईट नाही, पण." 'पण'नंतर थांबा. पुढचं समोरचा बोलतो. माझ्या ऑफिसातला निवृत्तीला टेकलेला एक सहकारी त्या 'पण'वर कॅन्टीनमध्ये पस्तीस मिनिटं बोलला, आणि मी कॉफी संपवून निघालो तेव्हा तो १९८० च्या दशकात पोचला होता.

३१ ऑगस्टला पहिला सामना. आमच्या किनिक स्टेडियमबाहेर मेलरोझ अव्हेन्यूवर मांस भाजण्याचा धूर, आत काळ्या-पिवळ्यांची ओसंडती गर्दी. आयोवा ४०, इलिनॉय स्टेट ०. चाळीस! ३२५च्या वर्षी हे दृश्य एखाद्याला दाखवलं असतं तर त्याने नवस फेडायला गाडी काढली असती. समितीचा अहवाल असा आला : समोरचा संघ खालच्या श्रेणीतला होता.

दुसऱ्या शनिवारी, ७ सप्टेंबरला, गाठ आयोवा स्टेटशी, म्हणजे याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाशी होती. त्या दिवशी गणेश चतुर्थी. एका मराठी घरी आम्ही वीसेक जण जमलो होतो. दुपारची आरती अडीचच्या आत उरकावी असं ठरलं, ते कुणाच्या सोयीसाठी हे गणपतीलाही कळलं असावं. मध्यंतराला आयोवा १३-०ने पुढे. पानात उकडीचे मोदक, वर तूप, आवाज बंद केलेला टीव्ही. यजमानीण बाई म्हणाल्या, यंदा पावला बाप्पा. मग दुसऱ्या अर्धात आमचा बचाव ढिला पडला आणि आयोवा स्टेटने सहा सेकंद उरले असताना ५४ यार्डांवरून फील्ड गोल मारला. १९-२०.

बचाव ढिला पडला, हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं, कारण त्या खोलीत ते कुणीही उच्चारलं नाही. ज्यांना वर्षभरापूर्वी पंट आणि पास यांतला फरक सांगावा लागला होता, ते काका हातातला मोदक तसाच धरून म्हणाले, "दुसऱ्या हाफला नुसतंच पळवत बसला. फेकायला काय झालं होतं?" मला भरून आलं. माणूस इथला झाला.

लेस्टर तेव्हा फक्त दोन सामने जुने होते. त्या हंगामात पुढे संघाची सरासरी २७.७ गुण भरली, म्हणजे ब्रायनची परीक्षा ते चांगल्या मार्कांनी पास झाले असते. पण ते नंतरचं. त्या रविवारी, दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन व्हायच्या आत, कोऑर्डिनेटरच्या विसर्जनाची मागणी आली. मागणी त्याच निवृत्तीला टेकलेल्या सहकाऱ्याची, आणि सोबत पर्यायी नावांची यादी. बादलीतल्या पाण्याकडे बघत मी ती वाचली. तिसऱ्या क्रमांकावर जो होता, त्याच्याबद्दल हेच गृहस्थ जानेवारीत मला म्हणाले होते की हा माणूस आपल्या स्टेडियमच्या पार्किंगमध्येसुद्धा दिसता कामा नये. मी उत्तर पाठवलं : "माणूस वाईट नाही, पण."