टूथपेस्टने सफायर उजळत नाही

लग्नसराई लागली की नागपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: "महागड्या घड्याळाच्या काचेवर ओरखडा पडला? पांढरी टूथपेस्ट लावा, दहा मिनिटं कापडाने घासा, काच नव्यासारखी. तरी गेला नाही तर बारीक पॉलिश पेपर मारा. खऱ्या सफायरवर ओरखडा पडतच नाही, पडला म्हणजे माल डुप्लिकेट. सर्व्हिस सेंटरच्या नादी लागू नका, तिथे लुटतात. काच कुठेही बदलून मिळते."

पाठवणारे चांगल्या मनाने पाठवतात, यात शंका नाही. पण या चार ओळींपायी चांगली घड्याळं बिघडतात. त्यातली कित्येक वडिलांनी हातातून काढून दिलेली असतात, नाहीतर निवृत्तीच्या पैशातून हौसेने घेतलेली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला टूथपेस्टचा. घड्याळाची काच मुख्यतः तीन प्रकारची असते: अक्रेलिक, म्हणजे आपण जिला प्लास्टिकची काच म्हणतो ती, मिनरल, म्हणजे कडक केलेली साधी काच, आणि सफायर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला कोरंडम या अतिकठीण खनिजाचा स्फटिक. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोहस नावाची 1 ते 10 अशी श्रेणी आहे. तिच्यावर अक्रेलिक 3 च्या आसपास, मिनरल काच साडेपाचच्या आसपास, सफायर 9 आणि सगळ्यात वर हिरा 10. जास्त कठीण वस्तू कमी कठीण वस्तूला चरा पाडते, उलटं होत नाही. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय ज्या शहरात आहे, तिथे एवढी गोष्ट तरी फॉरवर्ड करण्याआधी कोणाला विचारून घेता आली असती.

आता टूथपेस्टमध्ये घासणारं काय असतं? खडूचीच जातकुळी असलेलं कॅल्शियम कार्बोनेट, किंवा सिलिका. दाताचं कवच याच श्रेणीवर 5 च्या जवळ येतं आणि ते खरवडलं जाऊ नये अशा बेतानेच पेस्ट बनवलेली असते. जी पेस्ट दाताला जपते ती 9 च्या सफायरचं काय वाकडं करणार? दहा मिनिटं घासा नाहीतर दिवसभर घासा, सफायरचा चरा होता तिथेच राहील. मिनरल काचेवरही फरक पडलाच तर नावापुरता.

नुकसान होतं ते दुसरीकडे. सफायरमधून प्रकाश बराच परावर्तित होतो, साध्या काचेपेक्षा जवळजवळ दुप्पट. म्हणून तबकडी नीट दिसावी यासाठी काचेवर चकाकी कमी करणारा लेप देतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. काही कंपन्या तो फक्त आतून देतात, पण ब्रेटलिंगच्या बऱ्याच घड्याळांवर आणि ओमेगाच्या सीमास्टर डायव्हर 300 वर तो दोन्ही बाजूंनी असतो. बाहेरचा लेप सफायरइतका कठीण नसतो. पेस्टने जोर लावून घासलं की तो जागोजागी विरतो आणि काचेवर निळसर-जांभळट डाग दिसायला लागतात. आधी एक बारीक रेघ होती, आता अख्खी काच डागाळली. शिवाय काचेभोवतीचं चकचकीत कडं, विशेषतः सोन्याचं असेल तर, त्याच कापडाखाली येतं आणि त्यावर बारीक रेघांचं जाळं उठतं.

सीताबर्डीत एका गल्लीत बसणाऱ्या घड्याळवाल्या काकांकडे असंच एक घड्याळ आलेलं पाहिलं. डोळ्याला भिंग लावून ते काच आणि कड्याच्या सांध्यात वाळून बसलेली पांढरी पेस्ट लाकडाच्या टोकदार काडीने कणाकणाने काढत होते. बोलले एवढंच, "चरा होता तिथंच हाये भाऊ. पन हे पांढरं कुठं कुठं घुसलं पाहा." समोरच्या गिऱ्हाइकाचा चेहरा पाहवत नव्हता.

मग हा मेसेज इतकी वर्षं टिकून का आहे? कारण अक्रेलिकवर ही युक्ती खरंच चालते. एचएमटीची जनता, पायलट ही आपल्या घरोघरची घड्याळं अक्रेलिक काचेचीच. कुणाच्या तरी वडिलांनी जनतावर टूथपेस्ट घासली, काच उजळली आणि ती आठवण पुढे सगळ्या घड्याळांना चिकटली. महाग घड्याळांतही अक्रेलिक आहे. ओमेगाच्या स्पीडमास्टरची, म्हणजे मूनवॉचची, मूळ धाटणीची आवृत्ती आजही हेसालाइट या अक्रेलिक काचेसह विकली जाते. नासाने 1965 मध्ये अंतराळ मोहिमांसाठी मान्य केलेल्या स्पीडमास्टरवर हीच काच होती. अक्रेलिक फुटलं तरी त्याच्या ठिकऱ्या उडत नाहीत. जुन्या रोलेक्सही बहुतेक अक्रेलिकच्याच. म्हणून आपल्या घड्याळावर कोणती काच आहे ते आधी ओळखा. नखाने हलकेच टिचकी मारली तर अक्रेलिकचा आवाज बद्द येतो, काचेचा खणखणीत. गालाला लावली तर मिनरल आणि सफायर गार लागतात, अक्रेलिक तितकं नाही. ही दुसरी परीक्षा मे महिन्यात गाडीवरून उतरल्या उतरल्या करू नका, पंचेचाळीस डिग्रीत सगळंच गरम लागतं.

अक्रेलिक निघालं, तर टूथपेस्टपेक्षा पॉलीवॉचसारखी त्यासाठीच बनवलेली पेस्ट घ्या. कड्यावर मास्किंग टेप चिकटवा, हरभऱ्याएवढी पेस्ट, मऊ सुती कापड, आणि चऱ्याला आडवं घासत राहा. नखाला लागणार नाही इतका उथळ चरा काही मिनिटांत जातो. नख अडकत असेल तर मात्र काच बदलून घेणं बरं. अक्रेलिकची बहुतेक स्वस्तात होते. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर जवळही आणू नका, अक्रेलिक पांढुरकं होऊन तडकतं.

दुसरा सल्ला पॉलिश पेपरचा, आणि तो सगळ्यात घातक. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर सिलिकॉन कार्बाइडचा असतो. एमरी पेपरमध्ये तर कोरंडमच असतो, म्हणजे सफायरचाच भाऊबंद. हे कागद सफायरला चरे पाडू शकतात. एक रेघ घालवायला गेलात की काच बाथरूमच्या खिडकीसारखी धुरकट होते आणि तिथून परत यायला हिऱ्याची पेस्ट, क्रमाक्रमाने बारीक होत जाणारी, आणि ते काम जाणणारा हात लागतो. सीरियम ऑक्साइडने गाडीच्या काचा पॉलिश करतात, त्याने मिनरल काचेवर काही प्रमाणात काम होतं. सफायरवर त्याचा उपयोग नाही.

तिसरा दावा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण त्यामुळे दुकानदार-गिऱ्हाइकांत आणि घराघरांत उगाच संशय शिरतो: ओरखडा दिसला म्हणजे घड्याळ नकली. अहो, आधी तो ओरखडा आहे का ते तरी पाहा. दाराच्या कडीला किंवा स्टीलच्या रेलिंगला सफायर घासली तर बऱ्याचदा काचेला काही होत नाही, धातूच तिच्यावर उतरतो आणि राखाडी रेघ दिसते. घड्याळ पाण्यात चालणारं असेल आणि क्राउन, म्हणजे बाजूचं चावी द्यायचं बटण, नीट बंद असेल, तर कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश वापरून बघा. पेन्सिलच्या रबरानेही अशी रेघ कित्येकदा निघते, फक्त बाहेरून लेप असलेल्या काचेवर रबर घासू नका. त्या काचेवर दिसणारी रेघ पुष्कळदा लेपावर असते, खालची सफायर धड असते. आणि खऱ्या सफायरवर खरे चरेही पडतात: हिऱ्याच्या अंगठीने, वॉटर पेपरने, ग्राइंडरच्या चाकाच्या कणांनी. कठीण असणं आणि न फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रॅनाइटच्या ओट्यावर सफायरची कड आपटली तर तिचा टवका उडू शकतो, त्याच धक्क्यात अक्रेलिकला नुसता पोचा पडेल.

मिनरल काचेची गोष्ट निराळी. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झचा कठीणपणा 7. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याच्या टोकाने घड्याळ पुसलं की त्या धुळीनेच केसाएवढे चरे पडतात. आधी फुंकर मारा, मग पुसा.

राहिला सर्व्हिस सेंटरचा मुद्दा. बिल जड असतं ही तक्रार खरी आहे. काच बदलायला गेलं की पूर्ण सर्व्हिसिंगच घ्या असा आग्रह कित्येकदा होतो, त्याचा राग येणं साहजिक आहे. पण "कुठेही बदलून मिळते" हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. काचेखाली एक वॉशर असतो. काच नवी आणि वॉशर जुनाच ठेवला, किंवा काच बसवायचं प्रेस न वापरता अंगठ्याने काच दाबून बसवली, तर पाणी आत शिरायला फट राहते. जूनमध्ये पावसात भिजून एसीत शिरलात की आतून काचेवर वाफ धरते, आणि ती वाफ म्हणजे काट्यांवर, मशीनवर गंज. शिवाय साध्या दुकानात बसवलेली काच मूळ कंपनीची असेलच असं नाही. गेल्या वीसेक वर्षांतल्या रोलेक्सच्या काचेवर सहाच्या आकड्याजवळ डोळ्याला जेमतेम दिसणारा मुकुट, म्हणजे कंपनीचं चिन्ह, कोरलेला असतो. काच बदलल्यावर तो गायब असेल तर विकताना किंमत पडते.

तरी बाहेरचा कारागीर चालतो, चांगला असेल तर. नागपुरात असे हात आहेत. घड्याळ त्याच्या हातात देण्याआधी चार गोष्टी विचारा. काच मूळ कंपनीची की दुसरी? वॉशर नवा टाकणार का? काम झाल्यावर प्रेशर टेस्ट, म्हणजे पाणी आत जात नाही ना याची चाचणी, करून दाखवणार का? जुनी काच परत देणार का? उत्तर देताना जो कारागीर वैतागतो त्याच्याकडे घड्याळ ठेवू नका.

सफायरवरची रेघ कडेला असेल, वेळ बघताना आड येत नसेल, तर काहीच करू नका. पुढच्या सर्व्हिसिंगला काच बदलता येते. तडा गेला असेल किंवा टवका उडाला असेल तर मात्र थांबायला जागा नाही. क्राउन बाहेर ओढा, बहुतेक घड्याळं तेवढ्याने थांबतात, म्हणजे काचेचा चुरा काट्यांबरोबर तबकडीवर फिरणार नाही. काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, हातात घालू नका, आणि ते सपाट ठेवून, तोंड वरच्या बाजूला करून, त्याच आठवड्यात कारागिराकडे न्या.