टाकीवरची चड्डी

दरवर्षी तेच, लक्ष्मीपूजनाला आमच्या परभणीच्या घराच्या गच्चीवर मी फटाक्यांचे फोटो काढायला सातलाच ट्रायपॉड लावून बसतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) १००, भिंगाचं तोंड एफ ८, शटर ४ सेकंद उघडं, सगळं मॅन्युअलवर, कारण ऑटोवर कॅमेरा अंधार बघून आयएसओ वाढवत बसतो अन् बाणाच्या जागी नुस्ता पांढरा गोळा येतो. अन् बरोबर मी बटन दाबलं की शेजारून कुणीतरी मोबाईलचा फ्लॅश मारतंय! अरे बाबा, तो उजेड दोन-चार मीटरच्या पुढं जात नाही, आभाळातलं काय दिसायलंय तुला त्यानं? माझ्या फोटोत मात्र पाण्याच्या टाकीवर वाळत घातलेली चड्डी लख्ख उजळून येते.

यंदा तर कहर. निळा रंग फटाक्यात मुळातच अवघड, तांब्याचं संयुग लागतं अन् ते जास्त गरमीत टिकत नाही, त्यामुळं खरा निळा क्वचितच दिसतो. तो एकदाच फुटला, अन् नेमकं तेव्हाच भाच्यानं ट्रायपॉडच्या पायाला लाथ घातली. फोटोत निळी गांडुळं आलीत. त्यात वारं नाही, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जे मिळालं ते मिळालं, नंतर सगळा धूर.

वर काकू म्हणायल्या, "आभाळाचे काय काढायलास रे, आमचा काढ की एक, मागं फटाके घेऊन!" काढला. ४ सेकंद एक जण हलायचं थांबलं नाही, सगळ्यांची भुतं झाली.

अन् सकाळी साडेसहाला त्याच काकूंचा मेसेज, "ग्रुपवर टाकले नाहीस अजून?"