‘काम धरलं की सगळ्या सवलती बंद’: दिव्यांगांना घरी बसवणारा मेसेज कुठे कुठे चुकतो

दिव्यांगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: पेन्शन घेणाऱ्याने अर्धवेळ काम धरलं किंवा कॉलेजात नाव घातलं, की आधारवरून सरकारला कळतं. मग पेन्शन बंद, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) रद्द, एसटी-रेल्वेची सवलत जाते आणि आजवर घेतलेले पैसे परत भरावे लागतात. त्यामुळे काम-शिक्षणाच्या भानगडीत पडू नका, घरीच बसा. हा सल्ला मानला तर तरुण माणसाचं शिक्षणही जातं आणि कमाईही. मेसेजमधला एकच मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचं महाराष्ट्रातल्या नियमांशी ताडून पाहिलं की टिकत नाही.

आधी कार्डाचं बघू. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र शरीराच्या आणि मनाच्या स्थितीवर मिळतं, पगारावर नाही. सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची चाचणी, दृष्टीची तपासणी, बुद्धिमापन अशा मोजमापांवरून टक्केवारी ठरते. ४० टक्क्यांखाली पांढरं कार्ड, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्यावर निळं. या मोजमापात ‘नोकरी करता का’ असा रकानाच नाही. कार्ड निकामी होतं ते वेगळ्याच कारणाने: प्रमाणपत्र तात्पुरतं असतं आणि त्यावरची मुदत संपून जाते. नेमकं त्याच सुमारास काम सुरू झालेलं असेल तर दोष कामाला दिला जातो. म्हणून प्रमाणपत्रावर ‘कायमस्वरूपी’ लिहिलंय की ‘तात्पुरतं’, हे आजच बघून घ्या. तात्पुरतं असेल तर मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच पुनर्तपासणीसाठी अर्ज टाका.

एसटी आणि रेल्वेच्या सवलतींचंही तेच. त्या दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी बघून मिळतात, उत्पन्नाचा दाखला त्यासाठी कुणी मागत नाही. कामावर जाताना काढलेल्या तिकिटावरही सवलत तितकीच लागू असते.

आता अर्धा खरा मुद्दा, म्हणजे पेन्शन. मेसेजमधली पेन्शन म्हणजे राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे, आणि ही योजना उत्पन्नाशी बांधलेली आहे. दिव्यांग लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांचं मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये झालं. नियम ‘काम केलं का’ असं विचारतच नाही, ‘घरात वर्षाला किती आलं’ एवढंच विचारतो. पण ५०,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला जेमतेम ४,१६६ रुपये, तेही साऱ्या कुटुंबाचे मिळून. घरात दुसरी कमाई अजिबात नसेल आणि तुम्ही दिवसाचे दोन तास काम करून महिन्याला ३,००० मिळवत असाल, तर वर्षाचे ३६,००० होतात आणि तुम्ही मर्यादेत राहता. पगार ५,००० झाला की ६०,००० होतात आणि पात्रता जाते.

इथे हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण मेसेज तो मांडतच नाही. नुसती पेन्शन म्हणजे वर्षाला ३०,०००. ३,००० च्या कामासोबत पेन्शन म्हणजे ६६,०००. ५,००० चं काम, पेन्शन नाही, म्हणजे ६०,०००. म्हणजे मर्यादेच्या जरासं वर गेलेला माणूस मर्यादेच्या आतल्यापेक्षा मागे पडतो. ही मर्यादा फार खाली ठेवलेली आहे आणि ती कुटुंबाऐवजी व्यक्तीच्या उत्पन्नावर हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण घरी बसलेल्या माणसाच्या हाती ३०,००० च येतात, हेही त्याच हिशेबात दिसतं. महिन्याला ५,५०० चं काम मिळालं तर वर्षाचे ६६,००० होतात आणि पेन्शन गेल्याची पूर्ण भरपाई होते. काम स्वीकारताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून पगार आणि तास ठरवा.

काम सुटलं तर? नव्याने अर्ज करता येतो. अडचण येते ती दाखल्याची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न दाखवतो, त्यामुळे काम ऑगस्टमध्ये सुटलं तरी दाखल्यावर पगाराचंच वर्ष दिसतं. या मधल्या काळासाठी थोडी शिल्लक बाजूला ठेवावीच लागते. काम सोडल्याचं मालकाचं पत्र आणि शेवटची पगाराची पावती जपून ठेवा, तलाठ्याच्या चौकशीत ती कामी येते.

‘आधारवरून लगेच कळतं’ याबद्दल. आधार क्रमांकात पगाराची नोंद नसते. मात्र पीएफ, फॉर्म १६, बँकेत जमा होणारा पगार या नोंदी राहतातच, म्हणून उत्पन्न लपवण्याचा विचारही करू नका. वसुलीची वेळ येते ती माहिती दडवली तर. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९१ दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. उत्पन्न वाढल्याचं तहसील कार्यालयाला लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेल्याला पुरावा नसतो.

‘काम धरलं आणि त्याच महिन्यात पेन्शन थांबली’ असं सांगणारे बरेच असतात. त्यांचं म्हणणं खोटं नसतं, कारण मात्र बहुतेकदा बँकेत सापडतं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट बँकेत येणाऱ्या लाभाचे पैसे खातेक्रमांकावर न जाता आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि अशी जोडणी एका वेळी एकाच बँकेशी राहते. नोकरीसाठी पगाराचं नवं खातं उघडताना फॉर्मवर ‘सरकारी लाभ या खात्यात घेण्यास संमती’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण होते. त्या क्षणी जोडणी जुन्या बँकेतून नव्या बँकेत सरकते. पेन्शन नव्या खात्यात पडत राहते, माणूस जुनं पासबुक भरून घेतो आणि ते कोरं निघतं. तपासायचं असं: यूआयडीएआयच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करा आणि बँक सीडिंगची, म्हणजे आधार-बँक जोडणीची स्थिती उघडा. तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल तिथलं पासबुक भरून घ्या. जोडणी जुन्याच बँकेत हवी असेल तर त्या शाखेत आधार सीडिंगचा अर्ज पुन्हा द्या. नवं खातं उघडताना केवायसीसाठी आधार द्यायला हरकत नाही, पण ती संमतीची खूण विचार करूनच करा. शिष्यवृत्तीचे पैसेही याच वाटेने येतात, त्यामुळे विद्यार्थ्यांचीही हीच फसगत होते.

शिक्षणाने पेन्शन जाते, हा दावा तर सरळ चुकीचा आहे. प्रवेश घेणं म्हणजे उत्पन्न नव्हे. उलट कायदा शिक्षणाकडे ढकलतो: ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. लेखनिकाची गरज असलेल्या परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. हे परीक्षेच्या दिवशी मागून मिळत नाही. परीक्षा अर्ज भरतानाच नोंदवावं लागतं.

अर्धवेळ शिकणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र आधी तपासावी. केंद्राची दिव्यांगांसाठीची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती नियमित, पूर्णवेळ अभ्यासक्रमांसाठी आहे आणि तिची पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. मुक्त विद्यापीठातून पदवी करत असाल तर तिच्या भरवशावर फीचं गणित बसवू नका. तिथे शिकता शिकता काम करता येतं हा फायदा आहेच.

कामावर असताना ज्याला इजा झाली आणि ईएसआयसीकडून (कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून) लाभ मिळतो, त्याच्यासाठी हा मेसेज सगळ्यात घातक आहे. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ आणि त्याच दिवसाची मजुरी एकत्र घेता येत नाही, हे बरोबर. पण कायमस्वरूपी अपंगत्वाचा लाभ वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या कमाईक्षमतेच्या घटीवर मिळतो आणि पुन्हा कामाला लागल्यावरही चालू राहतो. हातातला हक्काचा पैसा जाईल या भीतीने काम नाकारायचं कारण नाही.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा नियम तर २०२१ मध्ये सैल झाला. पाल्याचं इतर उत्पन्न सामान्य दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे मृत कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल, तर निवृत्तिवेतन मिळतं. अखेरचं वेतन ४०,००० असेल तर १२,००० अधिक महागाई भत्ता. छोट्याशा अर्धवेळ कामाला इथे बरीच जागा आहे.

आणि काम धरल्यावरच लागू होणाऱ्या सवलतींचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. महाराष्ट्रात नियमात बसणाऱ्या दिव्यांगांना व्यवसाय कर माफ आहे, पण प्रमाणपत्राची प्रत पगार विभागात दिली नाही तर तो मुकाट कापला जातो. ईएसआयसीसाठी पगाराची मर्यादा इतरांना २१,०००, तर दिव्यांग कामगाराला २५,००० आहे. रुजू होताना प्रमाणपत्राच्या दोन प्रती सोबत न्या आणि दिल्याची सही घ्या.